पाकळीचा ल

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणत होते तेवढ्यात बेल वाजली आणि पत्रिका आली. चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न. जाड कागद, सोनेरी गणपती, आत तो एक बटर पेपर, तो कशासाठी घालतात देव जाणे. नवऱ्याने टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, तारीख काय? मी म्हटलं, ल हिंदी आहे.

त्याने परत तारीख विचारली.

आता याला काय करणार. पाठीला दांडी असलेला ल आणि गाठ मारलेला श दिसला की माझं पुढचं वाचणंच होत नाही, कुलदैवत कोण, मुहूर्त कधीचा, आमच्याकडचं नाव नीट छापलंय का, सगळं राहतं आणि मी 'लग्न' याच शब्दापाशी अडकते. पहिलीत बाईंनी पाटीवर गिरवून घेतलेला ल दोन पाकळ्यांचा होता, मग पाचवीत हिंदी आलं आणि पुस्तकात हा दांडीवाला भेटला, तेव्हा मला वाटलं होतं हिंदीच्या तासाला ल वेगळा काढायचा असतो. मी तसा काढायचे पण. सर काही बोलले नाहीत.

ही सगळी खोड लागली ती आमच्या वाड्यातल्या छापखान्यात. साताऱ्यात आम्ही वर राहायचो आणि खाली ट्रेडल मशीन, त्याचा धाड-खट धाड-खट आवाज बंद पडला की आजी वरून विचारायची, काय रे जेवायला गेलात का. शाई आणि रॉकेलचा वास. अक्षरं जुळवणारे कंपोझिटर काका खणांच्या केससमोर उभे, डाव्या हातात जुळवलेली ओळ धरायची स्टिक, उजवा हात खणांवरून न बघता फिरायचा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची एकेक अक्षरं, सगळे उलटे, मला एक अक्षर कळायचं नाही, फक्त ल कळायचा, कारण पाकळीचा ल उलटा केला तरी बराचसा तसाच दिसतो. दांडीवाला दिसेल का? नाही. हा माझा मुद्दा मी आजवर कितीजणांना सांगितलाय, कुणालाच त्यात काही विशेष वाटलेलं नाही.

लग्नसराईत तर ल संपायचे. लग्न, कुलस्वामिनी, मुलगी, आणि त्यात मुलाचं नाव लक्ष्मण असलं की संपलंच, मग आधीची पत्रिका छापून होईपर्यंत थांबायचं, तिचे खिळे घासलेटने पुसून परत खणात टाकायचे आणि पुढची जुळवायची. एका घरचं कार्य दुसऱ्या घरच्या ल साठी अडायचं. काकांनी एकदा मला एक झिजका ल दिला होता, तो कंपासमध्ये ठेवला होता बरीच वर्षं, नंतर कुठे गेला आठवत नाही.

सरकारचंही माझ्यासारखंच मत आहे बरं का. 6 नोव्हेंबर 2009 चा जीआर आहे, मराठीत पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या, म्हणजे बिनगाठीचा, श वापरा म्हणून. शेंडीफोड्या! अक्षराला इतकं गोड नाव मी दुसरं पाहिलं नाही. पण कॉम्प्युटरला काय त्याचं, युनिकोडमध्ये दोन्ही ल ना नंबर एकच, कुठला दिसणार ते फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टमध्ये दोन्ही ठेवले असले तर त्याला आधी सांगावं लागतं की बाबा ही भाषा मराठी आहे. कोण सांगतंय. गंमत म्हणजे विंडोजमधला तो मंगल फॉन्ट, त्यात ल हिंदी वळणाचाच दिसतो, आणि तो काढला कुणी तर र. कृ. जोशी यांनी, अस्सल मराठी कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायचे. सगळ्या देवनागरीला एक फॉन्ट पुरवायचा म्हटल्यावर असंच होणार, मला कळतं ते. पण बोच राहतेच.

बाबा पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान वेगळं काढून ठेवायचे, नाटकं बघायला पैसे नव्हतेच, पान ठेवायचे ते कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावं बघायला. नाव बघूनच कळायचं हसायचंय का रडायचंय. दिवाळी अंक आला तरी ते आधी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिकेचं पान, मग समास किती सोडलाय ते बोटाने मोजायचे. मजकूर सवडीने. त्यामुळे मला बोलण्यात अर्थ नाही, हे घरातूनच आलंय.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका मी अंगावर घेतली. डीटीपीवाल्याला चार वेळा फोन केले, ल बदला, श बदला, तो म्हणाला ताई ल म्हणजे ल असतो. शेवटी दुसरा फॉन्ट लावून बदलून घेतलेच. स्मरणिका छापून आली, ल काय सुंदर होते! अध्यक्षांचं आडनाव तेवढं चुकलं होतं.

तर लग्न अकरा तारखेला आहे, संध्याकाळी, हे नवऱ्यानेच शेवटी वाचलं. मी आहेराचं पाकीट शोधायला कपाट उघडलं, वर छापील 'शुभविवाह', आणि त्यातला श गाठीचा. बाकी सगळ्या पाकिटांवरही तोच. जाऊ दे, पालथं धरून देईन.