कानगोष्ट

आज सांगलीत आयर्विन पुलाजवळ घाटावर बसून एक थरारक कादंबरी संपवली. छोटंसं गाव, एका बाईविषयीची कुजबुज, आणि शेवटी सगळं गाव तिच्या दारात. खुन्यापेक्षा ‘मी फक्त ऐकलेलं सांगितलं’ म्हणणाऱ्या शेजारणीचीच जास्त भीती वाटली.

मला लवंगा गाव आठवलं, आपल्याच जत तालुक्यातलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना तिथं पोरं पळवणारे समजून बेदम मारलं होतं. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच!

घरी येताना ओळखीच्या काकू भेटल्या. शेजारच्या पोरीबद्दल हळूच म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस हं...”

“काकू, मलाही नका सांगू.”

काकू दुखावल्या. पण माझ्या छातीतली धडधड अजून थांबलेली नाही.