गुठळी, ॲसिट्रॉम आणि मावशीचे फॉरवर्ड

२०२४ च्या एप्रिल-मेमध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीची, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशिल्डची, गुठळ्यांची ती बातमी आली ना, त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले तेवढे माझ्या पायात गुठळी झाली तेव्हाही आले नव्हते. घरात सगळ्यांना माहितीये की हिला प्रोटीन एस (रक्त गोठणं आवरणारं प्रोटीन) कमी आहे, ही रोज ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेते, आणि हिने कोव्हिशिल्डचे दोन्ही डोस घेतलेत. मावशीचा आवाज तर असा की जणू मी आयसीयूतच पडलेय. "अगं तुला आधीच गुठळ्यांचा त्रास, आणि तरी घेतलीस?"

बातमी खोटी नव्हती. कंपनीने लंडनच्या कोर्टात लिहून दिलं होतं की लसीमुळे अगदी क्वचित टीटीएस, म्हणजे गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट्स कमी होण्याचा त्रास, होऊ शकतो. पण हे २०२१ मध्येच युरोपातल्या नियामकांनी सांगून झालेलं, आपल्याकडे ते तीन वर्षांनी व्हॉट्सॲपवर पोचलं एवढंच. त्यात होतं काय तर शरीर स्वतःच्याच प्लेटलेट फॅक्टर ४ या प्रोटीनवर चालून जाणाऱ्या अँटीबॉडीज बनवतं, त्या प्लेटलेट्सना चिथावतात, मग गुठळ्याही होतात आणि प्लेटलेट्सचा काउंटही कोसळतो. माझं प्रकरणच वेगळं. रक्त गोठणं वेळेवर थांबवणारा ब्रेक माझ्यात जन्मापासून ढिला आहे, प्लेटलेट्स एकदम ठणठणीत. आमच्या हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारांच्या डॉक्टर) मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या की जन्मजात दोष असलेल्यांना टीटीएस जास्त होतो असं दिसलेलं नाही, पण कोविड झाला तर गुठळीची भीती मात्र खरी आहे. आणि टीटीएस व्हायचाच तर डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही, हे मावशीला कोण सांगणार.

घाबरले नव्हते असं अजिबात नाही हं. डोसनंतर शिवणकामाची टेप घेऊन रोज दोन्ही पोटऱ्या मोजायचे, डावी तशीही जरा जाडच असते कारण जुनी डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, तिथलीच, त्यामुळे आकडा बघून घाम फुटायचा आणि मग आठवायचं की अरे ही तर कायमच अशी आहे. डोकं दुखलं की लगेच मनात तेच.

खरं तर लसीच्या रांगेत माझ्यासारखीने विचार करायचा तो रक्तस्रावाचा, गुठळीचा नाही. मॅडमनी आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, बघून घेतला, २ ते ३ च्या मध्ये होता, मग जा म्हणाल्या. बारीक सुई, आणि टोचल्यावर जागा चोळायची नाही, निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची. सिस्टर सवयीने कापसाने चोळायला लागल्याच, मी जवळजवळ ओरडलेच, "दाबा, चोळू नका!" तरी दंडावर जांभळा डाग पडलाच. ताप आल्यावर फक्त पॅरासिटामॉल, कारण आयबुप्रोफेन आणि रक्त पातळ करणारी गोळी ही जोडी वाईट. तापात धड जेवण जात नाही, त्यानेही आयएनआर हलतो, म्हणून नंतर परत तपासायचा. मेथी-पालकानेही आयएनआर हलतो, पण म्हणून तो बंद नाही करायचा, फक्त एका आठवड्यात ढीगभर आणि दुसऱ्यात काहीच नाही असं नको.

हल्ली मावशीचं नवीन सुरू आहे, उपाशीपोटी लसूण खा, रक्त आपोआप पातळ होतं, गोळी सोड. लसीला घाबरणारी हीच बाई गोळी सोडायला सांगताना मात्र बिनधास्त! मी वाद घालत नाही, सरळ आयएनआरचा रिपोर्ट टाकते. २.४ आला की ती हात जोडलेला इमोजी पाठवते आणि खाली लसणाचा आणखी एक व्हिडिओ.