पूरग्रस्त शाळेसाठी केलेलं नाटक आणि आमच्या घरचं कॅलेंडर

सांगलीत तालमीला निघालेय म्हटलं की शेजारीपाजारी फारसं आश्चर्य करत नाहीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो आणि तोंडाला एकदा रंग लागलेली माणसं त्या दिवशी बरोबर भेटतात. मलाही कॉलेजात एकांकिकांचं वेड होतं. मग लग्न झालं, पतसंस्थेत नोकरी लागली, दोन मुलं झाली आणि नाटक फक्त बघण्यापुरतं उरलं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना येईल. आम्ही विश्रामबागला राहतो. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या सांगलीत, राहणारी माझी नणंद दोन मुलांना घेऊन आमच्याकडे आली आणि पाणी उतरून घर धुऊन निघेपर्यंत राहिली. तिच्या मुलांची दप्तरं माळ्यावर ठेवली होती, तीसुद्धा भिजली. त्या काळात मदत भरपूर आली. वह्या, दप्तरं, कपडे, ब्लँकेटं, सगळ्या महाराष्ट्रातून ट्रक येत होते. पण अशा मदतीचा पहिला ओघ संपला की जे उरतं ते मोठ्या खर्चाचं असतं. आमच्या नाटकाचे दिग्दर्शक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. नदीकाठच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्या ओळखीचे. त्या शाळेची प्लायवूडची बाकं पाण्यात फुगून उकलली होती, वाचनालयाची कपाटं पुस्तकांसकट गेली होती. वह्या वर्षभर पुरतील इतक्या आल्यात, बसायला बाकं नाहीत, असं ते सरांना म्हणाले. तिथून मदतीच्या प्रयोगाची कल्पना निघाली.

सरांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर घरात विषय काढला. माझं ठाम मत आहे की हौशी नाटकात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे संध्याकाळ, आणि ती आपल्या एकटीच्या मालकीची नसते. आपण समाजासाठी काहीतरी करतोय या भरात घरच्यांची संध्याकाळ न विचारता खर्च करणं मला पटत नाही. नवरा कुपवाड एमआयडीसीत आहे, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगा त्या वर्षी दहावीला होता, लेक चौथीत. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे संध्याकाळचं सगळं त्यांच्यावर टाकून जाणं शक्यच नव्हतं.

आईच आधी बोलल्या. “पोळ्या मी बसून लाटते, भाजायला कुणीतरी पाहिजे. आणि रविवारची दुपार घरची. तेवढं सरांना सांगून टाक.” मुलगा म्हणाला, जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे, त्या आठवड्यात मी घरी असलेली त्याला हवी. नवऱ्याने आपल्या शिफ्टचा तक्ता दिला. या तीन गोष्टी घेऊन मी सरांकडे गेले आणि तालमी त्याप्रमाणे बसवता येतील का ते विचारलं. सरांनी वही काढली. बाकीच्यांचंही असंच होतं: एकाचं औषधाचं दुकान, एक पोस्टात, एक प्राथमिक शिक्षिका, दोघं कॉलेजातले. प्रत्येकाने आपली अडचण मांडली आणि मगच वेळापत्रक ठरलं. सोमवार ते शुक्रवार साडेसात ते साडेनऊ, नवऱ्याच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात माझे प्रवेश फक्त शनिवारी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर निळ्या पेनाने शिफ्ट, लाल पेनाने मुलाचे पेपर आणि हिरव्या पेनाने तालमी अशा नोंदी झाल्या. घरातला प्रत्येक जण येता-जाता तिथं बघायचा. त्यामुळे ‘आज पण तालीम?’ हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच केली, ती संसारी माणसांच्या प्रत्येक नाट्यमंडळाने करावी असं मला मनापासून वाटतं. वाचनाच्या दिवसापासूनच प्रत्येक भूमिकेला एक राखीव माणूस नेमला. आपली भूमिका करायचीच, शिवाय आणखी एकाची वाक्यं आणि हालचाली माहीत असल्या पाहिजेत. घरात कुणी आजारी पडणार, कुणाला अचानक बाहेरगावी जावं लागणार, हे धरूनच तालीम चालवायची.

नाटक दोन अंकी, कौटुंबिक, एका स्थानिक लेखकाचं. राज्य नाट्य स्पर्धेत पूर्वी झालेलं असल्याने संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र होतं, तो एक मोठा व्याप वाचला. लेखकाने मानधन सोडलं, पण परवानगीचं पत्र सरांनी लेखी घेतलंच. प्रवेशिका लावून प्रयोग करायचा म्हणून पोलिसांकडे अर्ज गेला. नोव्हेंबर-डिसेंबरात स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या असतात, तेव्हा हौशी कलाकार आणि नेपथ्यवाले दोघंही मोकळे नसतात. म्हणून जानेवारी धरला. मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहाची २६ जानेवारी २०२० ची संध्याकाळ मिळाली. रविवार होता.

माझी भूमिका घरातल्या विधवा आत्याची. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं एक मोठं स्वगत होतं, जवळजवळ दीड पान. पाठांतराला मला एकच वेळ मिळायची, सकाळी साडेपाच ते साडेसहा, डबे करताना. आई ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या, चष्मा लावून संहिता मांडीवर घ्यायच्या आणि मला क्यू द्यायच्या. पुतण्या असो, भाऊ असो, वकील असो, सगळ्यांची वाक्यं त्या पोथी वाचल्यासारख्या एका सुरात वाचायच्या. मी भाकरी थापता थापता उत्तर द्यायचे. चुकले की त्या पुढे जायच्या नाहीत, बोट त्या ओळीवर तसंच ठेवायच्या. एकदा स्वगतात ‘मी या घराला काही मागितलं नाही’ या वाक्याशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “हे वाक्य अशी बाई मोठ्याने म्हणणार नाही. ती भांडी आवरता आवरता म्हणेल.” मी ते संध्याकाळी सरांना सांगितलं. सरांनी लगेच एक पितळी तांब्या आणि दोन पेले मागवले आणि तो सबंध प्रवेश नव्याने बसवला. पुढे प्रयोगात प्रेक्षागृह सगळ्यात शांत झालं ते त्याच वाक्याला.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. जमिनीवर खडूने दार, खिडकी, पलंग आखलेला. सर आवाजावरून फार धरायचे. माइक मदतीला असतो, तुमच्या जागी बोलत नाही, हे त्यांचं पालुपद. “शेवटच्या रांगेतल्या माणसानेही पैसे मोजलेत, आणि ते शाळेच्या बाकासाठी मोजलेत. त्याला अर्धं नाटक ऐकू आलं तर आपण त्याला फसवलं.” मला हे पूर्ण पटतं. चांगल्या कामासाठी आहे म्हणून प्रयोग कच्चा चालेल, ही समजूत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती मला चीड आणते. सर मुहूर्ताच्या नारळाच्या वेळीही हेच बोलले होते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन वेगळ्या नाटक कंपन्यांचे मालक, एकमेकांचे स्पर्धक, त्या दिवशी एका रंगमंचावर उभे राहिले. निधीसाठीच्या त्या प्रयोगाची आठवण लोक शंभर वर्षं काढतात ती गाण्यामुळे, फंडाचा आकडा किती होता हे फारसं कुणाला आठवत नाही, असं सर म्हणाले.

पैशाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पतसंस्थेत. आम्ही पहिल्यांदा ठरवलं की नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी, प्रकाश, नेपथ्याचा टेम्पो, रंगभूषा हा सगळा खर्च कलाकारांच्या वर्गणीतून आणि दोन व्यापाऱ्यांनी स्मरणिकेला दिलेल्या जाहिरातींतून भागवायचा. प्रवेशिकेच्या पैशाला हात लावायचा नाही. असं केलं की दाराशी उभं राहून सांगता येतं की तुमचे दोनशे रुपये पूर्णच्या पूर्ण शाळेला जाणार. रक्कम आमच्यापैकी कुणाच्या खात्यात आली नाही. एक नोंदणीकृत शैक्षणिक न्यास बरोबर घेतला आणि सगळे चेक त्यांच्या नावाने. प्रवेशिकेपेक्षा जास्त देऊ इच्छिणारे काही जण भेटले. त्यांना देणगीची वेगळी पावती दिली आणि हेही सांगितलं की दोन हजारांवरची रक्कम रोखीत दिली तर आयकरातली ८०जी कलमाची सवलत मिळत नाही, तेव्हा चेक द्या. हे आधी सांगितल्यामुळे नंतरची रुखरुख टळली.

प्रवेशिका खपल्या त्या संक्रांतीमुळे. १५ जानेवारीपासून घरोघरी हळदीकुंकू सुरू झालं. आईंनी आपल्या भजनी मंडळातल्या बायकांना सांगितलं, नणंदेने गावभागात. नणंद तर प्रत्येक घरी पुराच्या वेळचा आपला फोटो दाखवायची, कमरेएवढ्या पाण्यात तिचा ओटा. तिळगुळाबरोबर प्रवेशिका देऊन टाकायची. आमच्या पूर्ण मंडळाने मिळून जितक्या खपवल्या, त्यातला मोठा वाटा तिचा आहे.

मुलाची पूर्वपरीक्षा आणि रंगीत तालीम यांत मध्ये चार दिवस होते, तेवढं सरांनी सांभाळलं होतं. पण रंगीत तालमीच्या आदल्या रात्री लेकीला ताप चढला. पुरानंतर आमच्याकडे तापाची सगळ्यांनाच धास्ती. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, साधाच ताप निघाला, पण ती मला सोडेना. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “घरीच थांबा. तुमच्या जागी उभं राहणारी तयार आहे.” प्रॉम्प्टिंग करणारी कॉलेजातली मुलगी आत्या म्हणून उभी राहिली, प्रकाशयोजनेच्या सगळ्या जागा तिच्यावर लागल्या, आणि रात्री साडेदहाला तिने मला फोनवर एकेक जागा सांगितली: स्वगताला उजव्या विंगेपासून चौथ्या पावलावर पिवळी चिकटपट्टी, त्यावर उभं राहायचं, तांब्या ठेवायला वाकलं की प्रकाश कमी होतो, सरळ होईपर्यंत पुढचं वाक्य नाही. मी लेकीच्या उशाशी बसून ते सगळं तिच्याच चित्रकलेच्या वहीत आखलं. लेकीने त्यात तांब्या काढून दिला.

२६ तारखेला लेक उठून शाळेत झेंडावंदनाला लेझीम खेळली. ताप उतरून दोन दिवस झाले होते, तरी मी मैदानाच्या कडेला स्वेटर घेऊन उभी होते. येताना जिलेबी घेतली, आमच्याकडे त्याशिवाय २६ जानेवारी होत नाही. दुपारी दोनला मी मिरजेला पोहोचले तेव्हा नेपथ्याचे फ्लॅट उभे राहत होते. नटराजाची पूजा, नारळ, रंगभूषेच्या खोलीत केसांना पांढरं. पहिली घंटा, दुसरी घंटा. विंगेत उभी असताना मला फक्त पिवळ्या पट्टीची काळजी होती, कारण ती मी अजून एकदाही पेटलेल्या दिव्यात पाहिली नव्हती. तिसरी घंटा झाली. पट्टी जागेवर होती.

प्रयोग चांगला झाला. हे मी निःसंकोच म्हणते, कारण आम्ही त्यासाठी कष्ट घेतले होते. पडदा पडल्यावर त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना रंगमंचावर बोलावलं. ते फार बोलले नाहीत. किती बाकं लागतात, एक बाक कितीला पडतं आणि आज जमलेल्या पैशात किती येतील, एवढं त्यांनी सांगितलं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

हिशेब आठ दिवसांत लिहून, बिलं जोडून, सगळ्यांना वाचून दाखवला. फेब्रुवारीत लोखंडी पायांची बाकं आली. पुस्तकांची कपाटं जमिनीवर न ठेवता भिंतीत, पुराच्या पाण्याची रेघ उमटली होती तिच्या वर ठोकून घेतली. ते बघायला आम्ही सगळे सहकुटुंब गेलो, आईंसाठी रिक्षा केली होती. मुलाचे दहावीचे पेपर ३ मार्चला सुरू झाले, भूगोलाचा पेपर शेवटी झालाच नाही. कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी राखलेली रक्कम न्यासाच्या खात्यात तशीच राहिली. शाळा पुन्हा उघडल्यावर ती खरेदी झाली, त्याची पावतीही मी त्याच फायलीत लावली आणि सगळ्या वर्गणीदारांना कळवलं.

आता सरांनी नवी संहिता वाचायला दिली आहे. या वेळी नवरा म्हणतोय, नेपथ्याच्या टेम्पोबरोबर तो जाईल, शिफ्टचं तो बघतो. आईंनी पहिला अंक वाचून संपवलाय आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आहे.