पीयूसी पास, सायलेन्सर काळा

बीएस-६ डिझेल गाडी आली की मी आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, धड असेल तर हजारो किलोमीटरनंतरही आतला पत्रा जवळजवळ कोरा राहतो. गेल्या आठवड्यात कोथरूडच्या एका स्कूल व्हॅनमध्ये बोट घातलं, ते काजळीनं माखून बाहेर आलं. तक्रार एवढीच होती की मागच्या सीटवरच्या मुलांना वासानं मळमळतं.

स्कॅनरवर एरर एकही नाही. पण डीपीएफच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक ३००० आरपीएमलाही शून्य! साचलेली काजळी ४ ग्रॅम. बायपासवरून फेरी मारून आणली तरी तेच ४ ग्रॅम. लिफ्टवर घेतल्यावर डीपीएफच्या डब्यावर वेल्डिंगची शिवण दिसली. आतली जाळी फोडून काढली होती आणि मॅप मारून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, फिल्टरच्या इशाऱ्याचा लाइट गप्प केला होता.

फिल्टर चोंदला कशानं, हे जाळी फोडणाऱ्या गॅरेजवाल्यानं बघितलंच नाही. गाडी शाळेच्या पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारते. काजळी जाळायला फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि पंधरा-वीस मिनिटं एकसलग धावावं लागतं. इथे जळण सुरू व्हायचं आणि शाळेच्या गेटवर इंजिन बंद व्हायचं. त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली होती. ऑइलही साधंच भरलेलं. डीपीएफला कमी राखेचं, सी-३ दर्जाचं लागतं, कारण काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, फिल्टरमध्ये साचत जाते. लाइट लागल्या लागल्या स्कॅनरनं फोर्स्ड रीजनरेशन केलं असतं, म्हणजे गाडी उभी करून काजळी जाळली असती, फार तर फिल्टर उतरवून साफ केला असता, तर भागलं असतं. फोडणं हा कामचुकारपणा आहे, आणि बेकायदाही.

मालक म्हणाले, “दादा, पीयूसी तर आहे.” खरंच होतं. धुराची मर्यादा ०.७, यांच्या कागदावर ०.४१. आपलं यंत्र धुरातून आरपार जाणारा प्रकाश मोजतं. इंजिन चांगलं असेल तर फिल्टर नसतानाही ते पास करतं. प्रकाश फारसा न अडवणारे बारीक कण त्याला दिसतच नाहीत. जर्मनीत २०२३पासून कणच मोजतात, एका घन सेंटीमीटरला अडीच लाखांच्या वर गेले की गाडी नापास. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२मध्येच जाहीर केलंय. आणि या व्हॅनच्या मागच्या दाराचं रबर फाटलेलं. चालत्या गाडीच्या मागे हवा ओढली जाते, धूर तिथूनच आत येतो.

रबर त्याच दिवशी बदललं, ऑइल बदललं. नव्या फिल्टरचा आकडा ऐकून मालक गप्प झाले. या फेऱ्यांना डिझेल मुळात चुकीचंच. रोजचे चाळीसेक किलोमीटर, रात्री गाडी दारात उभी, म्हणजे इलेक्ट्रिक व्हॅन सहज चालेल. तेही सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. त्यांचं पीयूसी अजून दहा महिने चालतंय.