हप्ता कुणाला भरायचा?

मार्चमध्ये आठवड्याच्या अंतराने दोन पाकिटं आली. एक आमच्या मॉर्गेज (गृहकर्ज) कंपनीचं, हप्ते आता दुसरी कंपनी घेईल असं सांगणारं, आणि दुसरं अशा कंपनीचं, जिचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. दुसरं मी रद्दीत टाकलं. नवऱ्याने ते उचलून फोडलं आणि म्हणाला, "अगं, यात आपल्या कर्जाची रक्कम लिहिली आहे."

पण अमेरिकेत रक्कम माहीत असणं हा पत्र खरं असल्याचा पुरावा नव्हे. मॉर्गेजची नोंद काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) दफ्तरी असते आणि जाहिरातवाले ती तिथून उचलतात. म्हणून पत्रावरचा नंबर न फिरवता मी फेब्रुवारीचं जुनं स्टेटमेंट काढलं आणि त्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडून खात्री मिळाली: १ एप्रिलपासून हप्ते खरंच नव्या कंपनीकडे जाणार होते.

माझी सगळ्यात मोठी भीती व्याजदराची होती. तो बदलत नाही. उरलेली वर्षं आणि बाकी अटीही त्याच राहतात. पुष्कळदा कर्जाचा मालकसुद्धा तोच असतो, फक्त हप्ते गोळा करणारी कंपनी, म्हणजे सर्व्हिसर, बदलते. रेस्पा या घरकर्जाच्या व्यवहारांबाबतच्या १९७४ च्या अमेरिकी कायद्याखाली जुन्या सर्व्हिसरने बदलाच्या किमान १५ दिवस आधी कळवायचं असतं आणि नव्या सर्व्हिसरने बदलानंतर १५ दिवसांच्या आत. दोघांचं मिळून एकच पत्र आलं तरी चालतं, मात्र ते १५ दिवस आधी यायला हवं.

हे सगळं समजून घेतलं, तरी चूक झालीच. आमचा हप्ता बँकेच्या बिल पेमधून जायचा. तिथला पत्ता आणि कर्जाचा क्रमांक बदलायचा राहून गेला आणि एप्रिलचा हप्ता जुन्या कंपनीला पोचला. १७ तारखेला नव्या कंपनीने उशिराचा दंड लावला. फोनवरची बाई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "आमच्याकडे पैसे आलेले नाहीत." त्या रात्री मला झोप लागली नाही. घराचा हप्ता थकला हे शब्द ऐकायचीच सवय नव्हती.

दंड लावायचा अधिकार त्यांना नव्हताच. बदलाच्या तारखेपासून ६० दिवसांत हप्ता वेळेत जुन्या सर्व्हिसरला मिळाला असेल, तर नव्याला तो उशिराचा धरता येत नाही. हप्त्याच्या तारखेनंतरचे सवलतीचे दिवसही 'वेळेत' धरले जातात. मी बँकेकडून हप्ता जमा झाल्याचा पुरावा घेतला आणि चूक कळवणारं पत्र लिहिलं. अशा तक्रारींसाठी सर्व्हिसर बहुधा वेगळा पत्ता देतो. हप्त्यासोबत पाठवायच्या कुपनवर खरडलेली तक्रार धरली जात नाही, म्हणून तो पत्ता शोधून पत्र रजिस्टर्ड पाठवलं. पत्र मिळाल्याची पोच ५ कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते आणि उत्तर साधारण ३० दिवसांत, तेही कामकाजाच्याच. तिसऱ्या आठवड्यात दंड रद्द केल्याचं पत्र आलं.

या सगळ्या काळात हप्ता मी एकदाही थांबवला नाही. "गोंधळ मिटेपर्यंत भरू नकोस," असं एका मैत्रिणीने मायेने सांगितलं होतं. मला तो सल्ला फार घातक वाटतो. भांडण कुठल्याही कंपनीशी असो, कर्ज आपलंच असतं.

एस्क्रोकडेही, म्हणजे हप्त्यासोबत टॅक्स आणि विम्यासाठी सर्व्हिसरकडे जमा होणाऱ्या पैशांच्या खात्याकडेही, लक्ष ठेवायला हवं. आमचा प्रॉपर्टी टॅक्स आणि घराचा विमा त्यातूनच भरला जातो. टॅक्स भरल्याचं मी काउंटीच्या वेबसाइटवर पाहून घेतलं. विम्याच्या पॉलिसीवर मात्र कर्ज देणाऱ्याच्या जागी अजून जुनंच नाव होतं, आणि विम्याचं बिल जुन्या कंपनीकडेच गेलं असतं. एजंटला फोन करून नवं नाव आणि कर्जाचा नवा क्रमांक घालून घेतला. दहा मिनिटांचं काम. दोन्ही कंपन्यांची स्टेटमेंटं आता एकाच फाइलमध्ये आहेत, कारण पुढच्या वर्षी टॅक्स भरताना व्याजाचे १०९८ फॉर्म दोन येतील आणि त्यांची बेरीज करावी लागेल.