चार आठवड्यांची नळी, चौथ्या वर्षी

एक्स-रे उजेडात धरला आणि आधी विचारलं, "मामा, मुतखड्याचं ऑपरेशन कधी झालं?"

"चौथं वरीस लागलं, सायेब."

म्हणजे तेव्हा घातलेला डीजे स्टेंट अजून आतच.

डीजे म्हणजे वरातीतला नव्हे. किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी मऊ नळी. साधारण २६ सेंटीमीटर लांब, जेमतेम २ मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना 'जे'सारखं वळण. खडा काढल्यावर सुजेने लघवी अडू नये म्हणून ठेवतात आणि दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीतून काढतात. पाच मिनिटांचं काम. राहून गेली तर तिच्यावर क्षारांची पुटं चढतात. इथं खालच्या वळणावर लिंबाएवढा खडा होता, वर किडनीत दुसरा.

मामा ऊसतोडीचे. मोळी उचलली की लघवी लाल, आणि लघवी करताना कमरेत कळ. ही कळ आम्हाला बरंच सांगून जाते: स्टेंट असला की मूत्रवाहिनी मूत्राशयात उघडते तिथली झडप मिटत नाही, लघवी उलटी वर किडनीकडे चढते. इतकी वर्षं दर वेळी 'इन्फेक्शन'च्या गोळ्या मिळाल्या. साधा एक्स-रे कुणाला सुचला नाही!

अशी नळी ओढायची नाही. जुनी नळी ठिसूळ होऊन तुटते, नाहीतर मूत्रवाहिनीच सोलून हातात येते. आधी लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहायला कल्चर तपासणी, त्याप्रमाणे अँटिबायोटिक, किडनी किती काम करते ते पाहायला स्कॅन. मग मूत्राशयातला खडा लेझरने फोडून खालचं टोक मोकळं केलं. बारीक दुर्बीण नळीच्या कडेने वर नेत चिकटलेले क्षार फोडले. शेवटी पालथं झोपवून पाठीतून किडनीत वाट केली. वरचा खडा फुटला तेव्हा कुठे नळी सुटली. आणि एवढं केल्यावर सुजेसाठी नवा स्टेंट घालावाच लागला.

जुनं डिस्चार्ज कार्ड मामांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यावर इंग्रजीत एक ओळ: 'डीजेएसआर आफ्टर ४ वीक्स', म्हणजे डीजे स्टेंट चार आठवड्यांनी काढायचा. दहावी-बारावी झालेल्या पोरालाही कळणार नाही. शिवाय चार आठवड्यांनी टोळी कारखान्यावर.

नव्या कार्डावर मराठीत लिहिलं: 'पोटात नळी आहे. ती काढायची आहे.' खाली तारीख, आणि मुकादमाचा नंबर घेतला.

संध्याकाळी आमची ऑपरेशन थिएटरची वही उघडली. स्टेंट घातल्याची नोंद ओळीओळीत होती. काढल्याचा रकानाच नव्हता. आता पट्टीने रेघ मारून तो पाडलाय. मागच्या दोन वर्षांतल्या पेशंटना फोन लावतोय. बरेच नंबर बंद लागतात.