तुम्ही विचारलंत म्हणून: साउंड चेकला नेहमी तेच गाणं का?

"दादा, प्रोग्राम कुठलाही असो, साउंड चेकला तुम्ही अरुण दातेंचं 'शुक्रतारा मंद वारा'च का लावता?" हा प्रश्न मला किती वर्षं ऐकायला येतोय. तबलजी विचारतात, कार्यालयाचे मॅनेजर विचारतात, आणि आता माझ्याकडे नवीन लागलेला पोरगा पण विचारायला लागलाय, त्याच्या मते चेकिंगला दणदणीत बासवालं काहीतरी पाहिजे. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

आधी कामाचं कारण. स्पीकर उभे झाले, केबल ओढून झाल्या की मिक्सर चालू करून मला पहिलं बघायचं असतं की ह्या हॉलमध्ये माणसाचा आवाज माणसासारखा येतोय का. बास काय, कुठेही धडधडतो, त्यावरनं काही कळत नाही. ह्या गाण्याचा पहिलाच शब्द 'श'ने सुरू होतो, ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, जास्त झाली असेल तर तो 'श' कानात टाचणीसारखा घुसतो. पुढे 'मंद'मधला 'म' आला की खालचा आवाज फुगलाय का ते समजतं, पत्र्याच्या छताच्या कार्यालयात तर तो 'म' घुमायलाच लागतो. आणि मग दातेंसोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रांचा आवाज येतो, म्हणजे पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज एकाच गाण्यात तपासून होतात.

पण एवढंच असतं तर दुसरंही एखादं गाणं चाललं असतं. खरं कारण अरुण दातेच आहेत.

लोक म्हणतात, सोपं आहे की ते, भावगीत, कुणीही म्हणेल. मी पंचवीस वर्षं लोकांच्या हातात माइक देतोय. गॅदरिंगला, साठीशांतीला, सोसायटीच्या गणपतीत हे गाणं म्हणणारा एक तरी असतोच, आणि प्रेमाने म्हणतो, पण बहुतेक सगळे दुसऱ्या ओळीपासून जोर लावायला लागतात आणि मला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली घ्यावा लागतो. मोठ्याने गाणाऱ्याचं थोडं इकडेतिकडे झालं तर ते जोशात खपून जातं. हळू गाणाऱ्याला लपायला जागाच नाही. सूर हलला की दिसला, श्वास चोरून घेतला की माइकने पकडला, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं की गेलं. दाते ते शेवटचं अक्षर अलगद खाली ठेवतात, झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं तसं. माझ्या मिक्सरवर आवाजाची पट्टी असते ना, हिरवी-पिवळी-लाल, त्यांच्या गाण्यात ती फार उड्या मारत नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र हलतं.

आणि हा माणूस मराठी गायला सुरुवातीला तयारच नव्हता बरं का! इंदूरचा जन्म, 1934चा, मूळ नाव अरविंद. वडील रामूभैया दाते म्हणजे इंदूरचे मोठे रसिक, त्यामुळे घरात गाणं होतंच, कुमार गंधर्वांकडे सुरुवातीचं शिक्षण, आणि ओढा सगळा उर्दू गझलकडे. आपलं मराठी महाराष्ट्रातल्या लोकांसारखं नाही ही धास्ती होती. संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी पिच्छा सोडला नाही म्हणून 1962 साली मुंबई आकाशवाणीसाठी कवी मंगेश पाडगावकरांचं हे गाणं झालं. पेशाने ते टेक्स्टाइल इंजिनियर, कितीतरी वर्षं नोकरी सांभाळून गायले. पुढे 'शुक्रतारा' नावाने कार्यक्रमच सुरू झाला आणि त्याचे अडीच हजारांवर प्रयोग झाले. मला वाटतं ती धास्तीच कामाला आली असणार, ज्याला भाषा गृहीत धरता येत नाही तो प्रत्येक शब्द जपून उच्चारतो.

अडीच हजार प्रयोग, आणि त्यातला एकही मी ऐकला नाही. एकदा आमच्याकडे येणार होते, साउंड दुसऱ्याचा होता, मी तिकीट काढून ठेवलं होतं, आणि त्याच रात्रीची एक हळदीची ऑर्डर आली. पैशाची गरज होती, मी ऑर्डर घेतली. म्हटलं पुढच्या वेळी. ते तिकीट अजून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतनं चिकटवलेलं आहे, सोल्डरिंग गनच्या धुराने पिवळं पडलंय. एवढी वर्षं ज्यांच्या आवाजावर माझे स्पीकर लावले त्यांच्यापुढे माइक ठेवायचं काही माझ्या नशिबात आलं नाही.

6 मे 2018, रविवार. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा 84वा वाढदिवस झालेला. अधिक महिना लागायच्या आधीची लग्नं उरकायची म्हणून नुसती घाई चाललेली, आणि आम्ही एका लॉनवर रिसेप्शनचं लावत होतो तेव्हा फोनवर बातमी आली, अरुण दाते गेले. मी काही बोललो नाही, रोजच्यासारखा पेन ड्राइव्ह लावला. पहिला 'श' आला आणि माझा हात नॉबवर तसाच राहिला, ट्रेबल बघायचं सुचलंच नाही. केटरिंगची दोन पोरं प्लेटांची चळत पोटाशी धरून थांबली. खुर्च्यांना कव्हर घालणाऱ्या मावशी एका खुर्चीवर बसल्या, पदर तोंडाला. नवरीकडचे एक आजोबा, फेटा अजून हातातच होता, ते स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "पूर्ण वाजू दे रे बाबा, मधे तोडू नको." आम्ही चेकिंगला एरवी अर्धंच वाजवतो. त्या दिवशी पूर्ण वाजलं, मग आजोबांनी परत लावायला सांगितलं, परत वाजलं.

खळे आणि पाडगावकर आधीच गेले होते. दातेंच्याच 'या जन्मावर' ह्या गाण्याची चाल ज्यांची ते यशवंत देव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

तेव्हापासून मी साउंड चेकला गाणं मधे तोडत नाही, म्हणून वीस मिनिटं लवकर येतो आम्ही. नव्या पोराला एवढंच सांगितलंय, सुरुवातीचा 'श' नीट ऐक, मग हॉलच्या अगदी मागच्या रांगेत जाऊन बस, आणि सुधाताईंचा आवाज आल्याशिवाय मिक्सरला हात लावू नको.